ऋतू, क्षेत्र आणि ‘पिशवी’ : गर्भाशयाच्या अस्तराविषयीच्या ज्ञानाचा इतिहास आणि खानदेशातील स्त्री

प्रस्तावना :

जळगाव-धुळे परिसरात एखाद्या स्त्रीला पाळीच्या वेळी फार रक्त जात असेल, अंगावरून पांढरे जात असेल किंवा कंबर सतत दुखत असेल, तर तिच्या दुखण्याची चर्चा बहुतेक वेळा एकाच शब्दापाशी येऊन थांबते. तो शब्द म्हणजे ‘पिशवी’. पिशवीला सूज आहे, पिशवी खराब झाली, पिशवी काढली. भाषेच्या दृष्टीने हा शब्द विचार करण्यासारखा आहे. पिशवी ही रिकामी वस्तू असते. तिच्यात काही ठेवावे, काम झाले की ती टाकून द्यावी. जुन्या मराठीतील ‘कूस’ हा शब्द असा नाही. कूस उजवते, कुशीत जन्म घेतला जातो, कुशीला धरले जाते. कुशीकडून पिशवीकडे झालेला हा प्रवास नेमका केव्हा झाला हे सांगणे अवघड असले, तरी गर्भाशय हा ‘काढण्याजोगा’ अवयव झाल्यानंतरची ही भाषा आहे, एवढे निश्चित म्हणता येईल.

या पिशवीच्या आतील अस्तराविषयी विसाव्या शतकात जगात जे ज्ञान निर्माण झाले आणि त्यात मुंबईच्या परळ भागातील संशोधनाने जी भर घातली, त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे ज्ञान खानदेशातील स्त्रीपर्यंत कोणत्या रूपात पोहोचले, हा त्याला जोडलेला प्रश्न आहे. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नव्हे. त्यामुळे शास्त्रीय तपशील युक्तिवादाला आवश्यक तेवढेच घेतले आहेत.

क्षेत्र आणि बीज :

आपल्याकडील जुन्या विचारात गर्भधारणेचे वर्णन शेतीच्या भाषेत केलेले आढळते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार गोष्टी एकत्र याव्या लागतात असे सांगितले आहे. कापूस आणि केळी पिकविणाऱ्या खानदेशाला हे रूपक समजावून सांगावे लागत नाही. वाफसा नसेल तर चांगले बियाणेही वाया जाते, हे येथील शेतकरी जाणतो. सुश्रुतसंहितेच्या या मांडणीत क्षेत्राला बरोबरीचे स्थान आहे, ही तिची जमेची बाजू. परंतु धर्मशास्त्राच्या परंपरेत हळूहळू बीज श्रेष्ठ ठरले. मूल बीजाच्या मालकाचे, क्षेत्र केवळ धारण करणारे, असा अर्थ रूढ झाला. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ मध्ये बीज आणि भूमी या प्रतीकांवर लिहिलेल्या निबंधात या रूपकाचा स्त्रीच्या मालमत्ता-हक्काशी व अपत्यावरील हक्काशी असलेला संबंध उलगडून दाखविला. शेतीचे रूपक निरुपद्रवी नाही, हे त्यांचे प्रतिपादन आजही विचारात घ्यावे असे आहे.

मनुस्मृतीत पाळीच्या पहिल्या दिवसापासूनच्या सोळा रात्रींना ऋतुकाळ म्हटले असून पहिल्या चार रात्री वर्ज्य मानल्या आहेत. उरलेल्या रात्री आजच्या शरीरशास्त्राप्रमाणे गर्भधारणेला अनुकूल ठरणाऱ्या दिवसांना बऱ्याच अंशी जुळतात. हे पाहून आपल्या पूर्वजांना सर्व माहीत होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र त्याच ठिकाणी सम रात्री पुत्र व विषम रात्री कन्या, असेही सांगितले आहे. निरीक्षण आणि कल्पना तेथे एकमेकांत मिसळलेली आहेत. त्यांतील सोयीचा भाग उचलणे हे इतिहासाचे काम नव्हे.

निरोगी अस्तर रोगट ठरले होते :

युरोपातील वैद्यकाचीही अवस्था विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत फारशी वेगळी नव्हती. गर्भाशयाचे अस्तर खरवडून काढले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यातील ग्रंथी फुगलेल्या, वळणदार दिसल्या की डॉक्टर त्याला अस्तराचा दाह म्हणत. १९०८ मध्ये व्हिएन्नातील हिट्शमान आणि अडलर या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले की, ज्याला रोग समजले जात होते ती पाळीपूर्वीची नैसर्गिक अवस्था आहे. निरोगी स्त्रीचे अस्तर महिन्याभरात जाड होते, स्रवते, गळून पडते आणि पुन्हा उगवते. म्हणजे त्यापूर्वी कित्येक स्त्रियांवर त्या केवळ पाळीच्या विशिष्ट दिवसांत होत्या एवढ्याच कारणाने उपचार झाले होते. ही घटना वैद्यकाच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र ती अत्यंत महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

हे चक्र चालविते कोण, याचे उत्तर संप्रेरकांच्या शोधातून मिळाले. १९२९ मध्ये अमेरिकेत कॉर्नर व ॲलन यांनी सशांवर प्रयोग करून दाखविले की, बीजांडकोशातील पीतपिंडातून निघणारा एक पदार्थ अस्तराला गर्भ धरण्यास तयार करतो. १९३४ मध्ये तो शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला. तोच प्रोजेस्टेरॉन. त्याआधी १९२९ मध्येच इस्ट्रोजेन गटातील पहिले संप्रेरक हाती आले होते. इस्ट्रोजेन अस्तर वाढविते, प्रोजेस्टेरॉन ते मुरविते आणि प्रोजेस्टेरॉन ओसरले की अस्तर गळते, असा हा क्रम आहे. पुढे १९५० मध्ये नॉइज, हर्टिग आणि रॉक यांनी अस्तराच्या तुकड्यावरून चक्राचा दिवस कसा ओळखावा याचे कोष्टकच दिले.

या शोधांत भारताचा एक मूक वाटा आहे. अमेरिकेतील पाळीविषयक संशोधन ज्या माकडांवर झाले ती ऱ्हीसस, म्हणजे आपल्या उत्तर भारतातील लाल तोंडाची माकडे होती. खानदेशाच्या उत्तरेला सातपुडा ओलांडला की ती दिसू लागतात. १९४० मध्ये मार्की या शास्त्रज्ञाने या माकडाच्या गर्भाशयातील अस्तराचे बारीक तुकडे त्याच्याच डोळ्याच्या पुढच्या पोकळीत रोवले. ते तेथे जगले, दर महिन्याला वाढले आणि दर महिन्याला त्यांतून रक्त आले. अस्तरातील नागमोडी रोहिण्या रक्तस्रावापूर्वी कशा आकुंचन पावतात, हे मार्कीने पारदर्शक बुबुळातून प्रत्यक्ष पाहिले. पाळी म्हणजे ‘साठलेले घाण रक्त’ नव्हे, याचा इतका उघड पुरावा दुसरा नसेल. भारताने १९७८ मध्ये माकडांची निर्यात बंद केली, तोपर्यंत असंख्य माकडे परदेशी प्रयोगशाळांत गेली होती. ज्या प्रदेशातून ती गेली, तेथील घरांत मात्र ‘कावळा शिवला’ की स्त्री बाहेर बसत होती.

परळची परंपरा :

महाराष्ट्रात या विषयावर उघडपणे बोलण्याचे धाडस प्रथम रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. कर्व्यांनी काम सुरू केले तेव्हा बीजमोचन पाळीच्या कोणत्या दिवशी होते याचे विश्वसनीय ज्ञान जगात कोणालाच नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. जपानमधील ओगिनो यांचे संशोधन १९२४ चे आणि ऑस्ट्रियातील क्नाउस यांचे १९२९ चे. कर्वे ज्या साधनांचा प्रसार करीत होते ती संप्रेरकपूर्व काळातील, शुक्राणूला अडविणारी साधने होती. स्त्रीच्या अंतर्गत चक्रात त्यांनी हस्तक्षेप सुचविला नाही, कारण तेव्हा तो शक्यच नव्हता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने संततिनियमनाच्या सोयींचा ठराव मांडला. तो ११ विरुद्ध ५२ मतांनी फेटाळला गेला. स्त्रीच्या आरोग्याचा युक्तिवाद त्या ठरावात होता. नंतरच्या सरकारी कुटुंबनियोजनात तो मागे पडला आणि लोकसंख्येचा आकडा पुढे आला.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये परळ येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्राच्या आवारात गर्भनिरोधक साधनांची चाचणी करणारा एक छोटा विभाग सुरू झाला. त्या केंद्राचे संचालक डॉ. वसंत खानोलकर होते. या विभागातूनच पुढे १९७० मध्ये प्रजनन संशोधन संस्था उभी राहिली आणि डॉ. शांता राव या तिच्या पहिल्या संचालक झाल्या. आज ती राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. या संस्थेचा जन्म ‘चाचणी’ विभागात झाला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. वंध्यत्व, पाळीचे विकार, अस्तराचे रोग हे विषय पुढे आले, परंतु मूळ प्रेरणा जन्म रोखण्याची होती. संस्थेतील डॉ. चंदर पुरी यांनी दक्षिण भारतातील बॉनेट माकडांवर प्रोजेस्टेरॉनविरोधी द्रव्यांचे जे प्रयोग केले, त्यांचा विषयही अस्तर हाच होता. बीजमोचन न थांबविता केवळ अस्तराची ग्रहणशक्ती घालविता येईल काय, हा त्यांचा प्रश्न.

हा प्रश्न भारतीय संशोधनात वारंवार येतो. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तयार केलेली आणि १९९१ मध्ये बाजारात आलेली ‘सहेली’ ही गोळी याच तत्त्वावर आधारलेली आहे. तीत स्टेरॉइड संप्रेरक नाही. बीजमोचन सहसा चालूच राहते, मात्र अस्तर व गर्भ यांची वेळ जुळत नाही. आज हेच औषध सरकारी कार्यक्रमात ‘छाया’ या नावाने आशा कार्यकर्तीच्या पिशवीतून खानदेशातील पाड्यांपर्यंत जाते. संशोधनाचा हा धागा खेड्यापर्यंत पोहोचल्याचे हे एक चांगले उदाहरण मानता येईल.

दोन जन्म आणि एक वही :

अस्तराच्या इतिहासातील सर्वांत शोकात्म प्रकरण कोलकात्याचे आहे, पण त्याचा शेवट परळमध्ये झाला. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी भारतातील पहिले नळीत फलित झालेले अपत्य जन्मले. जगातील पहिल्या अशा अपत्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी. त्यांनी संप्रेरक देऊन एकाच वेळी अनेक बीजांडे पिकविली, परंतु गर्भ त्याच महिन्यात गर्भाशयात सोडला नाही. तो गोठवून ठेवला आणि ५३ दिवसांनी नंतरच्या नैसर्गिक चक्रात सोडला. बीजांडे पिकविण्यासाठी दिलेल्या संप्रेरकांनी अस्तराचे वेळापत्रक बिघडते, ही जाण या कृतीमागे दिसते. आज जगभरातील वंध्यत्व केंद्रांत गर्भ गोठवून पुढच्या चक्रात सोडण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. सरकारी चौकशी समितीने मात्र मुखोपाध्यायांचा दावा नाकारला, परदेशात जाऊन तो मांडण्यास त्यांना मज्जाव झाला आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या संयुक्त कार्यक्रमातून हर्षा या मुलीचा जन्म झाला. देशातील पहिले असे अपत्य म्हणून तिची नोंद झाली. पुढे आनंदकुमार यांनी मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे तपासली आणि १९९७ मध्ये लेख लिहून पहिलेपणाचा मान कोलकात्याकडे जातो असे जाहीरपणे मांडले. स्वतःच्या नावावरील श्रेय कागदपत्रांच्या आधारे दुसऱ्याकडे सोपविणारा हा शास्त्रज्ञ इतिहासकारांनाही आदर वाटावा असा आहे. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याची अखेर केली. साधनांवाचून विधान करू नये, हा त्यांचा आग्रह होता. तो परळच्या प्रयोगशाळेत पाळला गेला असे म्हणण्यास हरकत नाही.

परक्याला आश्रय देणारी प्रतिकारशक्ती :

संप्रेरकांनी एक कोडे सुटले, तर दुसरे उभे राहिले. गर्भाची निम्मी घडण पित्याकडून आलेली असते. दुसऱ्याची त्वचा शरीर नाकारते, मग गर्भ नऊ महिने कसा राहतो? १९५३ मध्ये पीटर मेडावार यांनी हा प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडला. त्याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही, तथापि दिशा बदलली आहे. गर्भ रुजताना अस्तरात मोठ्या संख्येने विशिष्ट प्रतिकार-पेशी जमतात. त्यांचे नाव ‘मारक पेशी’ असे असले तरी येथे त्या मारण्याचे काम करीत नाहीत. आईच्या नागमोडी रोहिण्या रुंद करून वारेला पुरेसे रक्त मिळवून देण्यास त्या मदत करतात. ही प्रक्रिया अपुरी राहिली तर गरोदरपणात रक्तदाब वाढणे, झटके येणे, बाळाची वाढ खुंटणे अशा आपत्ती ओढवतात. अस्तर सर्वच गर्भ सारखे स्वीकारते असेही नाही. गेल्या दोन दशकांतील संशोधनानुसार ते सदोष गर्भ ओळखते व पुष्कळदा सोडून देते. क्षेत्र निष्क्रिय असते, ही कल्पना येथे मोडून पडते.

प्रतिकारशक्ती आणि संप्रेरक यांची सांगड घालण्याचा सर्वांत धाडसी भारतीय प्रयोग दिल्लीत डॉ. जी. पी. तलवार यांनी केला. नुकताच रुजू लागलेला गर्भ एक संप्रेरक सोडून पीतपिंडाला जागे ठेवतो. त्यामुळे अस्तर गळत नाही. याच संप्रेरकाविरुद्ध लस दिली तर गर्भ टिकणार नाही, अशी ही योजना होती. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १४८ स्त्रियांना लस देण्यात आली. ज्यांच्यात पुरेशी प्रतिद्रव्ये निर्माण झाली त्यांच्या १२२४ चक्रांत एकच गर्भधारणा झाली. शास्त्रीय दृष्ट्या हे मोठे यश होते. स्त्री संघटनांनी मात्र आक्षेप घेतला की, लस टोचल्यानंतर तिचा परिणाम स्त्रीला स्वतः थांबविता येत नाही, आणि रोगाविरुद्धच्या लसीचे नाव घेऊन ती कोणालाही नकळत टोचली जाऊ शकते. हा आक्षेप अवाजवी नव्हता. १९८५ मध्ये आंध्रातील पाटणचेरू येथे संप्रेरकाच्या इंजेक्शनची चाचणी सुरू असताना स्त्रियांना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती असे आढळले आणि १९८६ मध्ये ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच प्रकारचे एक इंजेक्शन २०१७ पासून ‘अंतरा’ नावाने सरकारी केंद्रांत दिले जाते.

अशा इंजेक्शनांनी अस्तर पातळ होते. कधी पाळी बंद होते, तर कधी अधूनमधून डाग लागत राहतात. वैद्यकीय अहवालांत याला किरकोळ दुष्परिणाम म्हणतात. येथे प्रयोगशाळा व घर यांतील अंतर दिसते. ज्या घरात विटाळ पाळला जातो, तेथे महिन्यातून पंधरा दिवस डाग लागणे म्हणजे पंधरा दिवस चूल, देवघर आणि सणवार यांपासून दूर राहणे होय. कानबाईच्या रोटांच्या दिवशी ज्या सुनेला बाजूला बसावे लागते, तिच्या दृष्टीने हा परिणाम किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह १० देशांत केलेल्या आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही बहुसंख्य स्त्रियांना आपल्या पाळीच्या रीतीत बदल नको होता.

खानदेशापर्यंत काय पोहोचले :

खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. तेच पुढे जळगाव व धुळे झाले. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि जळगावचे २०१८ मध्ये. म्हणजे परळमध्ये हर्षा जन्मली तेव्हा या प्रदेशात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ज्या काळात मुंबईत अस्तराच्या ग्रहणशक्तीवर संशोधन सुरू होते, त्या काळात ग्रामीण स्त्रीचे गर्भाशय कोणी तपासलेच नव्हते. हे विधान केवळ आलंकारिक नाही. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि पूर्वी स्त्रीरोगतपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. जंतुसंसर्गाचे प्रमाण मोठे होते. गडचिरोली म्हणजे खानदेश नव्हे. पण सातपुड्यातील भिल्ल-पावरा वस्त्यांची स्थिती त्या काळी याहून बरी असेल, असे मानण्यास कोणताही आधार नाही.

गर्भाशयाच्या अस्तराचा क्षय हे भारतातील वंध्यत्वाचे एक महत्त्वाचे कारण आहे. क्षयाचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे बीजवाहिन्यांत व तेथून अस्तरात उतरतात. खोकला नाही, ताप नाही, फक्त मूल होत नाही. अशा स्त्रीला ‘वांझ’ हा एक शब्द लावला की नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचा रस्ता मोकळा होतो. अस्तराची एक तपासणी आणि काही महिन्यांची औषधे यांनी रोग थांबविता येतो. बीजवाहिन्या बंद होण्यापूर्वी तो ओळखला गेला तर मूल होण्याची आशाही राहते. येथे प्रश्न ज्ञानाच्या अभावाचा नाही, ते कोणाच्या दारापर्यंत गेले याचा आहे.

आता १९०८ कडे परत जाता येईल. निरोगी अस्तराला रोग समजून त्यावर उपचार करण्याची व्हिएन्नापूर्व रीत महाराष्ट्रात शंभर वर्षांनी वेगळ्या स्वरूपात दिसली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सुमारे १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तर दंड बसतो. पाळीत फडावर पाणी नाही, आडोसा नाही. अशा वेळी ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे डॉक्टरने सांगितले की कर्ज काढून शस्त्रक्रिया होते. त्यासोबत बीजांडकोशही काढले गेले तर संप्रेरकांचा पुरवठा एकदम तुटतो, तिशीतील बाईची हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि ऊस तोडणे थांबत नाही. अनावश्यक शस्त्रक्रियांचा प्रश्न बीडपुरता नाही. बिहार, छत्तीसगड व राजस्थानमधील अशाच प्रकरणांवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निर्णय देऊन राज्यांना देखरेखीची व्यवस्था करण्यास सांगितले.

काढलेले गर्भाशय विकृतिशास्त्रीय तपासणीसाठी जाते का, गेल्यास त्या अहवालात अस्तराची कोणती अवस्था नोंदलेली असते, हा प्रश्न खानदेशातील संशोधकाने विचारण्यासारखा आहे. त्या अहवालांत ‘स्रावावस्था’ असा शेरा वारंवार आढळला, तर त्याचा अर्थ हिट्शमान आणि अडलर यांनी केव्हाच सांगून ठेवला आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर चाळीसगाव परिसरातूनही कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे व गुजरातकडे जातात. समितीची पाहणी बीड जिल्ह्यापुरती होती. खानदेशातील कोयत्यांची गणती तीत नव्हती.